सुर्जी-अंजनगांवची विजयिनी

मराठ्यांच्या इतिहासांत कांहीं गांवांचीं नांवें तेथील रहिवाशांच्या कर्तृत्वामुळें नव्हे, तर बाहेरच्यांनीं तेथें येऊन केलेल्या सह्यांमुळें राहिलीं आहेत. सालबाई, देवगांव हीं अशींच नांवें. आणि त्यांच्याच पंक्तीला बसणारें वऱ्हाडांतील नांव म्हणजे सुर्जी-अंजनगांव. विद्यार्थी तें परीक्षेपुरतें घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. सातपुड्याच्या पायथ्याशीं, गाविलगडच्या छायेंत वसलेलें हें जोडगांव आज अमरावती जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण असून, पानमळ्यांकरितां आणि पानपिंपळीकरितां तें आसपासच्या मुलखांत प्रसिद्ध आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामध्यें येथें तह झाला. त्यानंतर दोनशें पंधरा वर्षांवर कांहीं महिने लोटले, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें या गांवाचें नांव पुनः एकदां सर्व देशाच्या कानीं पडलें. या वेळीं तेथें कोणी सेनापति आला नव्हता. गांवांतल्या शाळेंत मुलांसाठीं खिचडी शिजविणाऱ्या श्रीमती बबिता ताडे यांनीं दूरचित्रवाणीवरील ‘कौन बनेगा करोडपती’ या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांत एक कोटि रुपये जिंकले होते.

या दोन घटनांचा परस्परांशीं काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे; आणि तो ज्या प्रश्नावर ताडेबाईंनीं हा विजय मिळविला त्या प्रश्नांतच आहे. पण तेथवर जाण्यापूर्वीं तहाची हकीगत थोडक्यांत पाहिली पाहिजे.

१८०३ सालचें तें युद्ध मराठ्यांना फार महाग पडलें. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला आडगांवची, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनीं नागपूरकर भोसल्यांनीं देवगांवास तह केला. कटकचा प्रांत गेला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्कही सुटला. म्हणजे ज्या पंधरवड्यांत अंजनगांवचा मुलूख एकीकडे गेला, त्याच पंधरवड्यांत विदर्भाचें पूर्वेकडील टोंक, ज्यांत आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा, आमगांव, देवरी हा सर्व जंगलप्रदेश येतो, तें भोसल्यांकडे राहून वेगळें पडलें. पुढें शंभर वर्षांनीं, १९०३ सालीं, वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला तेव्हां हीं दोन टोंकें पुनः एका कारभाराखालीं आलीं. आज अंजनगांवची बातमी सालेकशास घरची वाटते, ती या उशिरा जुळलेल्या नात्यामुळें.

शिंद्यांचा तह याहून दूरगामी होता. गंगा-यमुनांमधील दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला हें सर्व तर गेलेंच. पण दिल्लीच्या बादशहावरील आपला सर्व अधिकारही दौलतरावांनीं सोडून दिला. महादजी शिंद्यांनीं ज्या शहा आलमला आपल्या छत्राखालीं घेतलें होतें, तो आंधळा आणि वृद्ध बादशहा सप्टेंबर १८०३ मध्येंच जनरल लेक याच्या ताब्यांत गेला होता. त्या वस्तुस्थितीवर अंजनगांवास शाईची मोहोर उमटली. तेथून लाल किल्ला हें इंग्रजांच्या पेन्शनीवर चालणारें घर झालें. दुसरा अकबर आला, नंतर बहादुरशहा जफर आला. राज्य नसलेल्या त्या दरबारांत राहिली ती मुख्यतः शायरी. आणि १८५७ सालीं त्या दरबाराचाही शेवट झाला.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. प्रश्न विचारून इनाम देण्याची कल्पना मूळची नभोवाणीची. अमेरिकेंत १९३८ सालीं असे कार्यक्रम श्रोत्यांच्या आवडीचे झाले होते. दूरचित्रवाणी आल्यावर इनामांच्या रकमा वाढल्या, आणि रकमांबरोबर मोहही वाढला. ‘ट्वेंटी-वन’ नांवाच्या कार्यक्रमांत चार्ल्स व्हॅन डोरेन या विद्वान् कुळांतील तरुण प्राध्यापकानें १९५६-५७ मध्यें आठवड्यामागून आठवडे विजय मिळविले. सारा देश त्याच्या बुद्धीवर लुब्ध झाला, आणि १९५९ सालीं त्यानें विधिमंडळाच्या समितीसमोर कबूल केलें कीं प्रश्न आणि उत्तरें त्याला आधींच दिलीं जात होतीं. विद्येच्या नांवावर झालेली ही फसवणूक अमेरिकन माणसाच्या मनाला फार लागली, आणि १९६० सालीं अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला. मोठ्या इनामांचे असे कार्यक्रम त्यानंतर कित्येक वर्षें मागें पडले होते.

आपल्याकडे ही परंपरा अधिक सात्त्विक रीतीनें सुरू झाली. १९७२ पासून नभोवाणीवर शाळकरी मुलांची ‘बोर्नव्हिटा क्विझ’ स्पर्धा होऊं लागली. प्रथम हमीद सयानी आणि नंतर त्यांचे बंधु अमीन सयानी ती चालवीत. १९८५ सालीं दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. या स्पर्धांत महाविद्यालयांचे संघ बसत, प्रश्न इंग्रजींत असत, आणि घरीं बसून पाहणारा सामान्य मनुष्य मुकाट्यानें ऐके. त्याला आपण कधीं त्या आसनावर बसूं असें स्वप्नांतही वाटत नसे.

३ जुलै २००० या दिवशीं हें चित्र पालटलें. इंग्लंडांत १९९८ सालीं निघालेल्या एका कार्यक्रमाचा सांचा घेऊन ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. त्याची बांधणीही सिद्धार्थ बसू यांचीच. प्रश्न विचारणारे अमिताभ बच्चन. बच्चन यांचा व्यवसाय त्या वेळीं कर्जांत अडकलेला होता, आणि चित्रपटांतील एवढ्या मोठ्या नटानें छोट्या पडद्यावर यावें हें पुष्कळांना कमीपणाचें वाटलें होतें. तो आक्षेप थोड्याच आठवड्यांत मावळला. सोमवार ते गुरुवार रात्रीं नऊ वाजतां रस्ते ओस पडूं लागले. पंधरा प्रश्न, प्रत्येकास चार पर्याय, एक हजारापासून एक कोटीपर्यंत चढत जाणारी पायरी. चुकल्यास खालीं कोसळणें, न चुकतां थांबल्यास मिळालें तें घेऊन घरीं जाणें. प्रश्न हिंदींत होते, आणि विचारणारा उत्तर देणाराशीं आदरानें बोलत होता. हा आदर हीच त्या कार्यक्रमाची खरी नवलाई. इनामाची रक्कम तिच्यापुढें दुय्यम म्हटली तरी चालेल.

पहिला करोडपति मराठी निघाला. ऑक्टोबर २००० मध्यें मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, वय वर्षें सत्तावीस, प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करीत असलेले तरुण, पंधराव्या प्रश्नापर्यंत जाऊन पोंचले. संसदेच्या कामकाजांत भाग घेण्याची मुभा राज्यघटनेनें पुढीलपैकीं कोणास दिली आहे, असा तो प्रश्न होता. नवाथे यांनीं महान्यायवादी, म्हणजे अटर्नी जनरल, हें उत्तर दिलें. घटनेच्या ८८ व्या कलमानें महान्यायवाद्यास दोन्ही सभागृहांत बोलण्याचा व कामकाजांत भाग घेण्याचा हक्क आहे. मत देण्याचा मात्र नाहीं. ज्यानें राज्यघटना परीक्षेकरितां वाचली असेल त्याला हें कलम ठाऊक असायचेंच. पण हातांत पन्नास लाख असतां आणि चुकल्यास तीन लाख वीस हजारांवर येण्याची पाळी असतां, ठाऊक असलेली गोष्टही उच्चारण्यास धैर्य लागतें. ज्या इंग्रजी कार्यक्रमाचा हा सांचा, त्यांत पहिलें दहा लाख पौंडांचें इनाम जूडिथ केपेल यांना २० नोव्हेंबर २००० रोजीं मिळालें. म्हणजे मूळ देशाच्या आधीं महिनाभर मुंबईच्या मराठी तरुणानें शेवटची पायरी गांठली होती. नवाथे पुढें त्या परीक्षेच्या वाटेनें गेले नाहींत. ब्रिटनमध्यें जाऊन त्यांनीं व्यवस्थापनाचें शिक्षण घेतलें.

तथापि नवाथे हे मुंबईचे होते, हेंही विसरून चालणार नाहीं. त्या आसनाकडे जाण्याची पहिली पायरी म्हणजे दूरध्वनी. ठराविक क्रमांकावर फोन लावायचा, तो लागेपर्यंत पुनः पुनः लावायचा, आणि प्रश्नाचें उत्तर द्यायचें. शहरांतील मध्यमवर्गीय घरांत २००० सालीं फोन आलेला होता. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगांव सोडलें कीं सालेकसा लागतें, आणि पुढें दरेकशाचें रान. त्या बाजूच्या खेड्यांतून त्या काळीं घरगुती फोन ही चैनीची वस्तु होती. अंजनगांवच्या भोंवतालच्या खेड्यांची स्थिति याहून फार वेगळी नसावी. ज्ञान गांवोगांव होतें. तें सांगण्याची तार नव्हती.

पुढील वर्षांत ही तार हातांत खेळणाऱ्या फोनच्या रूपानें खेड्यापाड्यांत पोंचली, आणि त्या आसनावर बसणारे चेहरे बदलूं लागले. २०१० सालीं झारखंडांतील राहत तसलीम या गृहिणीनें एक कोटि जिंकले. २०११ सालीं बिहारांतील मोतीहारीचे सुशील कुमार यांनीं पांच कोटि जिंकले. रोजगार हमीच्या कचेरींत संगणक चालविण्याचें काम ते महिना सहा हजारांवर करीत होते. २०२२ सालीं कोल्हापूरच्या गृहिणी कविता चावला यांनीं एक कोटि मिळविले. यांत कोणी नामांकित महाविद्यालयाच्या संघाचा प्रतिनिधि नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

या मालिकेंत ताडेबाईंचें स्थान निराळें आहे, आणि त्याचें कारण त्यांचें काम. शाळेंतील मुलांना दुपारचें जेवण देण्याची केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. बहुतेक राज्यांत सुरुवातीस तिचें स्वरूप घरीं नेण्याचें धान्य असेंच होतें. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच दिलें पाहिजे असा आदेश दिला, आणि देशभर शाळेच्या आवारांत चुली पेटल्या. मेळघाटापासून सालेकशापर्यंत कोणत्याही शाळेंत जावें, तेथें एक-दोन स्त्रिया तांदूळ निवडतांना, मोठ्या पातेल्यांत डाळ-तांदूळ ढवळतांना दिसतात. मुलें त्यांना मावशी म्हणतात. त्यांची गणना शिक्षकांत होत नाहीं आणि नोकरवर्गांतही धड होत नाहीं. त्यांना मिळतें तें ‘मानधन’. ज्या शब्दांत मान आहे आणि धनही आहे, त्या शब्दानें इतकी अल्प रक्कम दर्शवावी हा आपल्या सरकारी भाषेचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

ताडेबाईंचें हें मानधन महिना दीड हजार रुपये होतें. सुमारें साडेचारशें मुलांसाठीं त्या खिचडी शिजवीत. पति शाळेंतच शिपाई. कार्यक्रमांत त्यांना विचारण्यांत आलें कीं, जिंकलेल्या पैशांतून काय घेण्याची इच्छा आहे. तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, घरांत सर्वांमध्यें एकच फोन आहे, आपल्यासाठीं एक फोन घ्यावा असें वाटतें. हें ऐकून अनेक घरांत क्षणभर स्तब्धता पसरली असेल. कार्यक्रमांतच त्यांना फोन भेट देण्यांत आला.

येथें थोडें गणित करणें अप्रस्तुत होणार नाहीं. महिना दीड हजार या दरानें एक कोटि रुपये मिळवावयाचे तर सहा हजार सहाशें सहासष्ट महिन्यांहून अधिक, म्हणजे साडेपांचशें वर्षांवर काळ लागतो. एवढा काळ मागें गेल्यास वऱ्हाडांत बहामनी सुलतानांचा अंमल आढळतो. आणि पन्नास लाखांच्या पायरीवर उभें राहून एक कोटीच्या प्रश्नाचें उत्तर चुकलें असतें तर शेहेचाळीस लाख ऐशीं हजार गेले असते. तें दोनशें साठ वर्षांचें मानधन होतें. नवाथे यांच्यापुढेंही आंकडा तोच होता, पण वजन तेंच नव्हतें. ज्याला पुढील आयुष्य मोकळें आहे अशा तरुणाचें धाडस आणि संसाराची बेरीज रोज मांडणाऱ्या गृहिणीचें धाडस एका तागडींत घालतां येत नाहीं.

आणि प्रश्न कोणता आला? मोगल दरबारांतील कोणत्या शायरानें १८५७ च्या बंडाचे स्वानुभव ‘दास्तान-ए-गदर’ या पुस्तकांत लिहिले? उत्तर होतें जहीर देहलवी.

हें नांव मराठी वाचकाच्या ओठांवर असण्याचें कांहीं कारण नाहीं. गालिब सर्वांना ठाऊक. पण गालिबच्या रोजनिशीवजा पुस्तकाचें नांव ‘दस्तंबू’. मीर तकी मीर १८१० सालींच वारला. बहादुरशहाचा काव्यगुरु झौक १८५४ सालीं, बंडाच्या तीन वर्षें आधीं, गेला. म्हणजे ज्याला या कवींच्या काळाचा अंदाज आहे, त्याला पुस्तक न वाचतांही पुष्कळ नांवें बाजूस सारतां येतात. इतिहासाचा हा उपयोग परीक्षकांच्या ध्यानांत क्वचित् येतो. सनावळी पाठ असणें ही एक गोष्ट. कोण कोणाच्या आधीं होता आणि कोण कोणाला पाहूं शकला असता, हें डोळ्यांपुढें उभें राहणें ही दुसरी.

जहीर हा झौकचाच शिष्य. लाल किल्ल्यांत त्याला लहानशी चाकरी होती. दिल्ली पडल्यावर जीव वांचवून तो निघाला. जयपूर, टोंक अशीं संस्थानें पाहात शेवटीं हैदराबादेस पोंचला, आणि उतारवयांत त्यानें त्या प्रलयाची हकीगत लिहिली. मराठी वाचकास येथें विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेही बंडाच्या धुमाळींत सांपडलेले, तेही पुष्कळ वर्षांनीं आठवणी लिहिणारे, आणि त्यांचेंही पुस्तक फार उशिरां, १९०७ सालीं, लोकांपुढें आलेलें. वरसईचे हे भिक्षुक उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल म्हणून. बायजाबाई म्हणजे दौलतरावांच्याच पत्नी. अंजनगांवच्या तहावर ज्याच्या वतीनें सही झाली, त्याच्या घराचा धागा असा १८५७ च्या मराठी साक्षीपर्यंत येतो; आणि त्याच तहानें ज्या बादशाही घराला पेन्शनर केलें, त्याच्या अखेरच्या दरबाराची साक्ष जहीरनें दिली. त्या साक्षीदाराचें नांव दोनशें वर्षांनंतर अंजनगांवच्याच एका स्त्रीनें भर सभेंत उच्चारलें आणि तें बरोबर ठरलें. प्रश्न काढणाराच्या मनांत हें कांहीं नसणार. हा निव्वळ योगायोग आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकानें योगायोगाची नोंद करूं नये असा नियम नाहीं.

अशा कार्यक्रमांविषयीं विद्वानांची नाराजी असते, आणि ती सर्वस्वीं निराधार नाहीं. चार पर्यायांत ज्ञान मावत नाहीं. सुटीं सुटीं तथ्यें म्हणजे विद्या नव्हे. शिवाय जाहिरातदारांचा पैसा जेथें वाहतो तेथें विद्येचें सोंग पुष्कळदां केवळ निमित्त असतें. तरीही एक गोष्ट उरतेच. ताडेबाईंना जें ठाऊक होतें तें त्यांना २०१९ च्या आधींही ठाऊक होतें. ज्या शाळेंत त्या दुपारचें जेवण शिजवीत त्या शाळेंतील मुलांना आपल्या मावशीला दिल्लीच्या दरबारांतील शायर माहीत आहेत हें कळण्यास मात्र मुंबईच्या दिव्यांचा झगमगाट लागला. आपल्या गांवोगांवच्या चुलींपाशीं आणखी किती वाचन अबोल बसलें आहे याचा शोध घेणारी दुसरी कोणतीही परीक्षा आपण काढलेली नाहीं.

एक कोटीनंतर सात कोटींचा सोळावा प्रश्न आला. ज्या राज्याचे सर्वांत अधिक राज्यपाल पुढें राष्ट्रपति झाले तें राज्य कोणतें? राजस्थान, बिहार, पंजाब, आंध्र प्रदेश. हा प्रश्न अमरावती जिल्ह्यांतील माणसाला विशेष चकविणारा होता. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपालपदावरूनच २००७ सालीं राष्ट्रपतिभवनांत गेल्या. आणि प्रतिभाताई अमरावतीच्या सून, १९९१ सालीं अमरावतीहूनच लोकसभेवर निवडून गेलेल्या. जवळचें नांव आधीं आठवतें, आणि आठवलेलें नांव उत्तरासारखें वाटूं लागतें. शंकरदयाळ शर्मा आंध्रांतही राज्यपाल होते आणि पंजाबांतही. पण बिहारचे दोन : झाकीर हुसेन १९५७ ते १९६२ पर्यंत, आणि रामनाथ कोविंद २०१५ ते २०१७ पर्यंत.

चुकीचें उत्तर दिलें असतें तर एक कोटींतून तीन लाख वीस हजार उरले असते. ताडेबाईंनीं उत्तर देण्याचा मोह आवरला, खेळ तेथेंच थांबविला, आणि प्राप्तिकर वजा जातां जें राहील तें घेऊन त्या वऱ्हाडांत परतल्या.